गेटचा टाइम, भोंग्याचा टाइम

जिनिंगच्या आवारात कापूस साठतो ना, तसे किस्से साठत जातात. एक गाडी रिकामी होते न होते तोच दुसरी दारात उभी! उपसा म्हटलं तर उपसत नाहीत, आणि मध्येच एखादा हाताला लागला की त्याच्या मागे चार निघतात.

लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी हिंगोलीच्या एका जिनिंग कारखान्यात टाइमकीपर होतो. कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. दिवाळीनंतर सुरू व्हायचा आणि होळीच्या आसपास थंडावायचा. माझं काम एवढंच, की गेटाजवळच्या खोलीत खिडकीपाशी बसायचं, भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायची, सकाळी सातला घंटा मारायची आणि जो उशिरा येईल त्याच्या नावापुढे वहीत 'लेट' लिहायचं. लोक मला टाइममास्तर म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

इंग्रजीचा गंध नसलेल्या माणसालाही त्या काळी 'टाइम' हा शब्द येत होता. हकीमसाहेब रोग्याची नाडी धरून 'इसका टाइम भर गया' म्हणायचे. म्हातारी माणसं 'टाइम खराब आला' म्हणायची. नव्या सुनांना 'टाइमच भेटत न्हाई' अशी तक्रार. एवढ्या सगळ्या टाइमांपैकी गेटाच्या भिंतीवर टांगलेला तेवढा माझ्या ताब्यात होता, आणि तोही किती होता ते पुढे कळेलच.

०

जवळा बाजार गावचा एक शेतकरी कापसाची गाडी घेऊन आला. पुढे गाड्यांची ही लांब रांग. मला विचारतो,

"मास्तर, माझा नंबर लागायला किती टाइम लागंल?"

मी ऐटीत घड्याळाकडे बघितलं. "दीड तास."

"तास म्हंजे किती चिलमी?"

आता आली का पंचाईत! मी विचार करून म्हटलं, "चार धरा."

"मंग सहा चिलमी," असं म्हणून तो गाडीखाली जाऊन बसला.

बऱ्याच वेळानं पुन्हा खिडकीत आला. "मास्तर, सहा झाल्या. सातवी चालू हाय."

मी घड्याळ दाखवलं. "अहो, अजून अर्धा तास आहे! तुम्ही जोरजोरात ओढली असेल."

त्यानं खिडकीतून आत डोकं घातलं, घड्याळाला कान लावल्यासारखं केलं आणि शांतपणे म्हणाला, "तुमचं विझलं जणू."

खरंच बंद पडलं होतं! सकाळी चावी द्यायला मी विसरलो होतो. त्यानं खिशातून काडेपेटी काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "पेटवा."

०

इंजिनखान्यात इब्राहीमचाचा होते. बॉयलर, इंजिन आणि भोंगा तिन्ही त्यांच्या हाती. सकाळची घंटा माझी, दुपारच्या आणि संध्याकाळच्या सुटीचा भोंगा चाचांचा, अशी वाटणी होती. त्यांच्या भिंतीवर त्यांचं वेगळं घड्याळ होतं. ही दोन घड्याळांची गोष्ट तेवढी लक्षात ठेवा.

एकदा तहसीलदारसाहेब कारखाना बघायला यायचे होते. आमचे मॅनेजरसाहेब म्हणजे शिस्तीचे पुतळे. रोज निदान दहा वेळा म्हणायचे, "टाइम म्हणजे टाइम!" त्यांनी चाचांना बजावलं, "पाहुण्यांसमोर बारा वाजले की भोंगा झाला पाहिजे. एक मिनिट इकडे तिकडे नको!"

बाराला पाच कमी असताना मॅनेजरसाहेब भाषणाला उभे राहिले. विषय होता वक्तशीरपणा. 'उपस्थित सज्जनहो' झालं, 'आजच्या युगात' झालं, आणि बाराच्या ठोक्याला भोंगा सुरू झाला.

तो थांबेचना! साहेबांचे ओठ हलताहेत, हात हलताहेत, आवाज मात्र भोंग्याचा. तहसीलदारांनी कानावर हात ठेवले. टांग्याचा घोडा उधळून पार कयाधू नदीच्या पात्रापर्यंत गेला. मी धावत इंजिनखान्यात गेलो. चाचा भोंग्याची दोरी धरून शांत उभे.

"चाचा, बंद करो!"

"कायकू? साब ने बजाने का टाइम बोले, सो बजाया. बंद करने का टाइम कहाँ बोले?"

वाफ उतरली तेव्हा भोंगा थांबला. भाषण त्याच्या आधीच संपलं होतं.

०

मग लढाईपायी सरकारनं घड्याळं एक तास पुढे केली. काल जिथे सहा वाजत होते तिथे आज सात! सूर्य तोच, सावली तीच, काटा मात्र पुढे. लोक म्हणायला लागले नवा टाइम आणि जुना टाइम.

त्याच मार्गशीर्षात माझ्या बहिणीचं लग्न औंढ्याला होतं. गोरज मुहूर्त. मी टाइममास्तर, तेव्हा मुहूर्ताची जबाबदारी आपसूक माझ्यावर. खिशातलं घड्याळ काढून मी अंतरपाटाजवळ उभा राहिलो आणि मुहूर्ताचा काटा लागताच ओरडलो, "भटजी, टाइम झाला! म्हणा मंगलाष्टकं!"

औंढ्याचे भटजी वयानं साठीचे. पाण्यात सोडलेल्या भोक पाडलेल्या वाटीकडे बघत बसले होते. ती वाटी बुडली की घटका भरली, असा त्यांचा हिशेब.

"वाटी बुडली न्हाई," ते म्हणाले.

"अहो, सरकारनं टाइम पुढे केलाय!"

"असंल. गुरं कुठं हायेत?"

"गुरं? रानात असतील."

"मंग सरकारला म्हनावं, गुरंबी पुढं हाकून आना. गाई घरी येताना धूळ उडती, ती गोरज. धूळ न्हाई तं मुहूर्त कशाचा?"

दोनशे माणसं हातात अक्षता घेऊन तासभर उभी! अक्षता घामानं चिकट झाल्या. माझ्याकडे कुणी सरळ बघेना. शेवटी वेशीकडून धुळीचा लोट दिसला, घंटांचा आवाज आला आणि एक तांबडी गाय चुकून सरळ मांडवात शिरली.

भटजींनी तिला हात जोडले आणि खड्या आवाजात म्हणाले, "झाला टाइम! सावधान!"

०

कारखान्यात हा नवा टाइम आला तो मॅनेजरसाहेबांच्या डोक्यातून गाळून.

त्यांनी मला बोलावून सांगितलं, "गेटचं घड्याळ एक तास पुढे करा." मी केलं. इंजिनखान्याच्या घड्याळाला मात्र हात लावू दिला नाही. म्हणजे सकाळी लोकांना आत घ्यायचं नव्या टाइमानं आणि संध्याकाळी सोडायचं जुन्या टाइमानं! दिवसाला एक तास जास्तीचा, कुणाला न विचारता.

मी भीत भीत म्हटलं, "साहेब, संध्याकाळचं काय?"

ते म्हणाले, "सरकारनं टाइम पुढे न्यायचा हुकूम काढला, तो आपण सकाळी पाळला. संध्याकाळबद्दल वेगळं काही आलेलं नाही."

हे वाक्य मी चाचांना सांगितलं, तेव्हा ते माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हणाले, "मेरेच से सीखे."

०

आता रखमाबाई. ही कयाधूपलीकडच्या वाडीची. शेडमध्ये पन्नासेक बाया कापूस निवडायच्या, त्यांच्यात पुढची. बोलणं कमी, पण बोलली की समोरच्याची बोलती बंद. घरी सहा महिन्यांची लेक होती. दुपारच्या सुटीत सासू त्या लेकराला घेऊन नदीच्या काठापर्यंत यायची आणि रखमाबाई धावत जाऊन त्याला पाजून परत यायची.

नवा टाइम येण्याआधी एकदा दुपारी भोंग्याची कळ अडकली. बारा वाजून गेले तरी भोंगा नाही. बाया आपल्या निवडत बसलेल्या. रखमाबाई एकटी उठली आणि दाराकडे निघाली.

मॅनेजरसाहेब आडवे आले. "कुठे? भोंगा झाला नाही अजून!"

"माझा झाला," ती म्हणाली आणि पदर सावरत चालू लागली. तिची चोळी ओली झाली होती. साहेबांनी खिशातलं घड्याळ काढून बघितलं. बाराला वर दोन मिनिटं. ते बाजूला झाले. त्या दिवसापासून मी ठरवलं, की या बाईच्या टाइमाशी वाद घालायचा नाही.

पण नोकरी नोकरी असते. नवा टाइम आल्यावर तिला पहाटे अंधारात नदी ओलांडून यावं लागे. तिच्या घरी घड्याळ नव्हतं. ती पहिल्यांदा लेट झाली, मी लिहिलं. दुसऱ्यांदा झाली, लिहिलं. तिसऱ्यांदा झाली, तेही लिहिलं. गेटावर कारखान्याचे मालक शेठजी यांच्या सहीची पाटी होती. तीन दिवस लेट, तर चौथ्या दिवशी गेटावरून परत.

चौथ्या दिवशी ती आली तेव्हा घंटा होऊन दहा मिनिटं झाली होती. थंडीचे दिवस. लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत भिजलेला. माझ्या शेजारी मॅनेजरसाहेब उभे होते.

"परत जा," मी म्हणालो. माझाच आवाज मला आवडला नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "कोंबडा तं अजून जुन्याच टायमाला आरवून राहिला. त्याला कुनी सांगितलं न्हाई का?"

मला हसू आलं, तेवढ्यात साहेब कडाडले, "टाइम म्हणजे टाइम!"

ती पुन्हा त्या गार पाण्यातून परत गेली. मी दिवसभर त्या घड्याळाकडे बघितलं नाही. लाज वाटत होती.

०

दुसऱ्या दिवशी ती घंटेच्या आधी हजर होती. संध्याकाळी भोंगा झाला तेव्हा बाहेर दिवस मावळून गेला होता आणि माझ्या घड्याळात सात वाजले होते. बाया घाईनं निघाल्या. रखमाबाई खिडकीशी थांबली.

"मास्तर, तुमच्या वहीत येन्याचा टाइम लिवता. जान्याचा लिवता का?"

"नाही."

"काहून?"

खरंच, का नाही?

"सकाळी मी लेट आले तं माझं नाव लिवलं. आता भोंगा लेट आला. त्याचंबी लिवा की. एकाला एक अन् दुसऱ्याला एक, असं काहून?"

मी हसलो. ती हसली नाही. तिनं गेटाबाहेर बोट दाखवलं. तिची सासू लेकराला घेऊन नदी ओलांडून थेट गेटापर्यंत आली होती. लेकरू रडून रडून दमलं होतं. नुसतं हुंदके देत होतं.

"मला पैशे नको," रखमाबाई म्हणाली. "माझा तेवढा टाइम दिवसाउजेडी परत द्या. लेकरू भुकं ऱ्हाते."

मी टाक उचलला आणि वहीत लिहिलं, 'भोंगा. लेट, एक तास.'

ती अक्षरं तिला वाचता येत नव्हती. तिनं मला ती दोनदा वाचायला लावली आणि मग लेकरू पदराखाली घेऊन गेली.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी ते लिहीत गेलो. भोंगा, लेट, एक तास. भोंगा, लेट, एक तास. मॅनेजरसाहेब वही कधी उघडून बघत नसत. ती शेठजी बघत. आणि शेठजी नांदेडला राहायचे. आले की सगळ्यात आधी लेटची वही मागायचे, हे मला पक्कं ठाऊक होतं. नोकरी जाणार हेही ठाऊक होतं. पण लिहायचं थांबवलं की रखमाबाईला काय तोंड दाखवणार?

०

शेठजी संध्याकाळच्या गाडीनं आले. गेटाच्या खोलीत बसले, चष्मा लावला आणि वही उघडली. पाणी पिऊन तांब्या आणि फुलपात्र बाजूला ठेवलं. मॅनेजरसाहेब हात बांधून उभे. मी भिंतीला टेकून उभा.

शेठजी पानं उलटत राहिले. मग मोठ्यानं वाचायला लागले, "रखमाबाई, लेट. रखमाबाई, लेट. रखमाबाई, लेट. रखमाबाई, परत." पान उलटलं. "भोंगा, लेट, एक तास. भोंगा, लेट, एक तास." आणखी एक पान. तिथेही तेच.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हणालो.

"शेठजी, हा माणूस वेडा झालाय..." मॅनेजरसाहेब सुरू झाले. शेठजींनी हात वर केला.

"ही रखमाबाई कोण? बोलवा."

ती कापसाचे तंतू डोक्यावर घेऊनच आली. शेठजींनी विचारलं, "बाई, हा काय प्रकार आहे?"

तिनं इकडे तिकडे बघितलं, पुढे झाली आणि शेठजींच्या समोरचा तांब्या एका हातात आणि फुलपात्र दुसऱ्या हातात घेतलं.

"शेठ, मी ह्या तांब्यानं तुमच्या घरून ज्वारी उसनी नेली अन् ह्या फुलपात्रानं परत केली, तं घ्याल का?"

शेठजी व्यापारी माणूस. "घेईन कसा? ज्या मापानं नेली त्याच मापानं परत."

"आमच्या वाडीतबी तसंच हाय. उसन्याचं माप बदलत न्हाई." तिनं तांब्या माझ्या घड्याळाकडे धरला. "सकाळी आमचा टाइम ह्या घड्याळानं नेता." मग फुलपात्र इंजिनखान्याकडे केलं. "अन् संध्याकाळी त्या घड्याळानं परत देता. मधला तास कुठं सांडला?"

शेठजी उठले, भिंतीवरच्या माझ्या घड्याळाकडे बघितलं. सहा वाजून गेले होते. शेडमधलं यंत्र चालू होतं. ते सरळ इंजिनखान्यात गेले. तिथल्या घड्याळात पाच वाजून गेले होते.

"चाचा, हे घड्याळ मागे का?"

"साब का हुकूम. हमारी घडी को हात नक्को लगाव बोले."

शेठजी परत आले ते वेगळेच होऊन. त्यांनी रखमाबाईला विचारलं, "आता कोणतं माप ठेवू? नवं की जुनं?"

"कोनतंबी ठेवा शेठ," ती म्हणाली. "पर एकच ठेवा. मला इचारलं तं जुनं बरं. कोंबड्याला बराबर समजते."

शेठजी हसले. मनापासून हसले! "मास्तर, गेटचं घड्याळ मागे घ्या. आणि चाचा, आत्ता भोंगा वाजवा. त्या तासातला उरला असेल तेवढा तरी आज परत करू."

चाचांनी जो भोंगा वाजवला! बाया शेडमधून बाहेर आल्या त्या अंगावर ऊन घेत. कितीतरी दिवसांनी त्यांनी संध्याकाळच्या सुटीला आपल्या सावल्या बघितल्या. नदीपर्यंत त्यांचा गलका ऐकू येत होता. मला तर वाटलं, हा भोंगा आपणच वाजवला!

मी घड्याळ मागे घेऊन खुर्चीवरून उतरलो, तेव्हा शेठजी पुन्हा वही घेऊन बसले होते.

"मॅनेजरसाहेब, भोंगा किती दिवस लेट?"

"जी... मोजावे लागतील."

"तीनापेक्षा जास्त?"

"जी."

"आणि गेटावर माझ्या सहीची पाटी आहे. वाचा."

मॅनेजरसाहेबांनी पाटी वाचली. आधी मनात, मग शेठजींनी सांगितल्यावर मोठ्यानं.

"भोंगा तर लोखंडाचा," शेठजी चष्मा पुसत म्हणाले. "त्याला कुठे परत पाठवणार? ज्याच्या हुकुमानं तो लेट झाला, त्याचं बघा. मास्तर, उद्या सकाळी नियम पाळायचा."

०

दुसऱ्या दिवशी मी खिडकीत बसलो होतो. छान ऊन पडलं होतं. नदीकडून बायांची रांग येत होती, सगळ्यांत पुढे रखमाबाई. तिच्या लुगड्याचा काठ भिजलेला होता, पण या वेळी ती उजेडात कुठे पाय ठेवतेय ते बघून चालत आली होती.

मॅनेजरसाहेब नेहमीसारखे ताठ चालत आले. त्यांना वाटलं होतं, शेठजी आदल्या दिवशी रागात बोलले असतील आणि रात्रीतून विसरले असतील. ते गेटाच्या आत पाऊल टाकणार, एवढ्यात मी खिडकीतून हात आडवा केला.

"साहेब, आज परत."

ते थांबले. माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, शेठजी मुक्कामाला होते त्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं. मागे पन्नास बाया उभ्या. कुणी हसत नव्हतं, हे त्यांनी फार चांगलं केलं.

"मास्तर," साहेब हळू आवाजात म्हणाले, "अहो, एवढ्या थंडीत घरून चालत आलोय. एक दिवस... जाऊ द्या ना."

मी काही बोलायच्या आत मागून रखमाबाईचा आवाज आला, अगदी शांत.

"टाइम म्हंजे टाइम, साहेब!"